रविवारची पाळी

1973 चा जुलै, रविवार. पश्चिम जर्मनीतल्या कोलोनहून शुक्रवारी दुपारची पाळी संपवून निघालेली एक जुनी फोर्ड ट्रान्झिट आता युगोस्लाव्हियात पोचली आहे. झाग्रेबच्या जरा पुढे, पेट्रोल पंपाच्या कडेला उभी आहे. जायचं आहे तुर्कस्तानात, अनातोलियातल्या योझगात प्रांतातल्या एका गावी. एका बाजूचं अंतर तीन हजार किलोमीटरच्या वर. त्यातला झाग्रेब ते तुर्कस्तानच्या सरहद्दीवरचा कापिकुले नाका हा साधारण अकराशे किलोमीटरचा तुकडा आज कापायचा आहे.

ज्याचा हा दिवस आहे तो बाप कोणी एक माणूस नाही. त्या उन्हाळ्यांत या रस्त्याने गेलेल्या कुटुंबांच्या आठवणी, पत्रं, छायाचित्रं बरीच जपली गेली आहेत. तुर्की स्थलांतरितांनी 1990 मध्ये सुरू केलेलं डोमिड हे दस्तऐवज केंद्र आज कोलोनमध्येच आहे. अशा आठवणींत जे पुन्हा पुन्हा येतं त्यातून मी या बापाला उभं केलं आहे. रस्ता, सरहद्दी, कारखाना आणि त्याचं घड्याळ मात्र होतं तसंच ठेवलं आहे. खाली दिलेल्या सगळ्या वेळा कोलोनच्या आहेत, कारण वाटेत वेळ बदलली तरी मनगटावरचं घड्याळ तो बदलत नाही.

पहाटे साडेतीन

स्टिअरिंगवर डोकं ठेवून घेतलेली झोप अडीच तासांची. शनिवारचा पूर्ण दिवस ऑस्ट्रियाने खाल्ला. साल्झबर्गपासून ग्राझपर्यंतचा डोंगरातला रस्ता, पुढे-मागे तशाच लादलेल्या गाड्या, आणि श्पीलफेल्डच्या नाक्यावर युगोस्लाव्हियात शिरायला लागलेली रांग. ऑस्ट्रियातली माणसं त्या रस्त्याला पाहुण्या कामगारांचा रस्ता असंच म्हणत.

उठल्यावर तो चहा मागत नाही. आधी गाडीभोवती फेरी. प्रत्येक टायरला हाताची पालथी बाजू लावून बघायची. पहाटेच्या गारव्यात चारही टायर एकसारखे थंड लागले पाहिजेत; एखादा वेगळा लागला तर चाकाचं काही तरी बिनसलं आहे. मग कॅरियरवरचे दोर. रात्रीच्या दवाने दोर भिजतो, उन्हात वाळून सैल होतो, म्हणून रोज सकाळी गाठी नव्याने आवळाव्या लागतात. टपावर ताडपत्रीखाली शिवणयंत्र, दोन घोंगड्या, गादी, मोठ्या मुलाची सायकल, भावाला कबूल केलेली अवजारांची पेटी, सासऱ्यांसाठी ओव्हरकोट आणि कोणाकोणाची नावं चिकटवलेली गाठोडी आहेत. शेजाऱ्यांनी 'तुम्ही जाताच आहात तर' म्हणून दिलेली गाठोडी नाकारता येत नाहीत. गाडी मागच्या बाजूने दबली आहे आणि हेडलाइटचा झोत रस्त्याऐवजी झाडांच्या शेंड्यांवर पडतो आहे. रात्री समोरून येणारे त्यावरून शिव्या घालतात, हे त्यालाही ठाऊक आहे.

रेडिएटरमध्ये पाणी, इंजिनात ऑइल बघून होतं. मागे सीट काढून अंथरलेल्या गादीवर दोन्ही मुलगे आडवे-तिडवे झोपलेत. बायको थर्मासमधला कोमट चहा ओतते आणि लिंबाच्या वासाचं अत्तरपाणी त्याच्या ओंजळीत शिंपडते. ते तो मानेला, कपाळाला, कानांमागे चोळतो.

चार

दिवे लावून रस्त्याला लागायचं. या रस्त्याचं युगोस्लाव्हियातलं नाव आहे 'बंधुता आणि एकता'. टिटोंच्या राजवटीत तरुणांच्या श्रमपथकांनी तो बांधला आणि 1950 मध्ये झाग्रेब-बेलग्रेड हा भाग खुला झाला. गाडीवाले त्याला ई-5 म्हणत. नाव महामार्गाचं असलं तरी 1973 मध्येही त्याच्या बहुतेक लांबीत जाणारी एक आणि येणारी एक अशा दोनच मार्गिका होत्या, मध्ये दुभाजक नव्हता. त्याच दोन मार्गिकांवर मालाचे ट्रक, ट्रॅक्टर, गवताने भरलेल्या घोडागाड्या, सायकलस्वार, जर्मनीतून सुट्टीवर परतणारे युगोस्लाव्ह आणि ग्रीक कामगार, आणि या सगळ्यांमधून वाट काढणारी तुर्की कुटुंबं. लंडनहून थेट भारतात जाणाऱ्या बसगाड्याही त्या वर्षांत याच वाटेने इस्तंबूल गाठत.

सपाट, सरळ, दोन्हीकडे मका. एकट्या ड्रायव्हरला सरळ रस्ता वाईट. वळणं असली की हात जागे राहतात.

सहा

गाडीचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळचा सूर्य थेट डोळ्यांत. काचेवर रात्रभराचे किडे चिकटलेले. वायपर फिरवला तर सगळं आणखी पसरतं आणि समोर नुसता पांढरा पडदा उरतो. या वेळेला ओव्हरटेक करायचा नाही, हा त्याचा नियम. पुढे कोळशाचा ट्रक वीसच्या वेगाने चालला असला तरी त्याच्या मागे राहायचं. मागचा मर्सिडीजवाला डिपर मारतो, हॉर्न दाबतो आणि शेवटी सूर्याच्या दिशेने बाहेर काढतो. बायको डोळे मिटून घेते. तो पार होतो. दर वेळी सगळेच पार होत नाहीत, हे सांगणारे सांगाडे कडेच्या खंदकात पडलेले असतात. काहींच्या टपावरचं सामान अजून बांधलेलं असतं.

तिची पाळीही सुरूच आहे. कोलोनमध्ये ती चॉकलेटच्या कारखान्यात पट्ट्यावर उभी असते. इथे तिला गाडी चालवता येत नाही, पण चालवणाऱ्याला जागं ठेवायचं काम तिचं. दर काही मिनिटांनी सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया सोलून त्याच्या तळहातावर ठेवायच्या. बोलत राहायचं. बोलण्यासारखं संपलं की गावातल्या एकेका घराची चौकशी सुरू: अमक्याची म्हैस व्याली असेल का, तमक्यांचं लग्न आपण पोचायच्या आधी होईल की नंतर. या रस्त्यावर लिहिताना लोक बहुधा चाकामागच्या बापाबद्दल लिहितात. शेजारच्या सीटवर जागणाऱ्या बाईने किती अपघात टाळले असतील, याची नोंद कुठे होणार?

साडेआठ

स्लाव्हॉन्स्की ब्रोदच्या आसपास पंधरा मिनिटं. झाडाखाली चादर, त्यावर पांढरं चीज, ऑलिव्ह, टोमॅटो, काकडी, उकडलेली अंडी, कोलोनहून आणलेला आणि आता कडक झालेला पाव. सगळं घरचं. वाटेतल्या हॉटेलात बसायचं नाही, कारण मार्कातला प्रत्येक पैसा गावी दुप्पट कामाचा असतो, आणि हॉटेलात बसलं की तासभर गेला. शेजारच्या झाडाखाली फ्रँकफुर्टहून आलेलं कुटुंब. ओळख नाही, पण गाव विचारलं जातं, चहा दिला-घेतला जातो, आणि पुढच्या नाक्यावर रांग किती आहे याची खबर मिळते. समोरून परतणाऱ्या गाड्यांकडून आलेली खबर या रस्त्यावर पैशापेक्षा मोलाची.

गणपतीला कोकणात निघालेला गिरणीतला चाकरमानी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही माणसं लगेच ओळखू येतील. तीच ओझी, प्रत्येक ओझ्यावर कोणाचं तरी नाव, रजेच्या एकेका दिवसाचा तोच हिशोब, आणि वर्षभर खोलीत दाटीने राहून गावात मात्र ताठ मानेने उतरण्याची तीच ओढ. फरक एवढाच की इथे वाटेत चार देशांच्या सरहद्दी आडव्या येतात.

धाकटा विचारतो, "बाबा, आज पोचू?"

"आज नाही."

"उद्या?"

बाप चादर झटकतो. उत्तर बायको देते.

खरं तर पोचायचं आहे एका मुलीकडे. ती नऊ वर्षांची आहे आणि गावी आजीजवळ असते. दोघंही पाळीत काम करणार, घर दोन खोल्यांचं, तेव्हा एक मूल आजीकडे ठेवायचं असं ठरलं. पुढच्या वर्षी नेऊ, असंही ठरलं. त्या पिढीतल्या अशा कितीतरी मुलांनी आई-बापांना उन्हाळ्यापुरतंच ओळखलं. वसंतात आजीने कोणाकडून तरी लिहून घेतलेल्या पत्रात एक जास्तीचा कागद होता. मुलीचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने काढलेली रेघ. त्या मापाचे बूट घ्यायला तो कागद घेऊन दुकानात गेला, आणि पाऊल तोवर वाढलं असेल म्हणून एक नंबर मोठे घेतले. ते बूट टपावर नाहीत. पुढच्या सीटखाली, हाताशी ठेवले आहेत.

साडेअकरा

बेलग्रेड. सावा नदीवरचा गझेला पूल नवा, 1970 मध्ये झालेला. शहरातून जाताना रस्ता एकदम रुंद होतो आणि बाहेर पडताच पुन्हा अरुंद. इथेच शिट्टी वाजते. वेग जास्त, म्हणे. पोलीस पासपोर्ट हातात घेतो आणि चाळत राहतो. देत नाही. बाप खाली उतरून बोलतो, पण बोलायला भाषा नाही; थोडी जर्मन, थोडे हात. शेवटी सिगारेटचं एक पाकीट आणि काही मार्क. त्यासाठी कोलोनहून निघतानाच सिगारेटचे कार्टन घेतलेले असतात. पेट्रोल, टोल, अन्न यांच्यासारखाच तो एक ठरलेला खर्च. पाकीट जातं ते जातं, पण वडील हात जोडून उभे असल्याचं मोठा मुलगा खिडकीतून बघत असतो, ते मला जास्त बोचतं.

दोन

मोराव्हा नदीच्या खोऱ्यात दक्षिणेकडे. ऊन टपावर, इंजिन पायांजवळ. रेडिएटरचा काटा चढायला लागला की गाडीतला हीटर सुरू करायचा, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आत येते आणि इंजिन वाचतं. माणसं भाजून निघतात. मुलांच्या डोक्यावर ओले टॉवेल.

या वेळी डोळे सर्वांत जड होतात, आणि नेमका इथेच तो थांबत नाही. का थांबत नाही, हे नीट सांगायला हवं. या रस्त्याला तेव्हा मृत्यूचा रस्ता म्हणत. 1975 मध्ये डेर श्पीगेल या जर्मन साप्ताहिकाने त्यावर मोठा लेख छापला. थकलेले ड्रायव्हर, जुन्या गाड्या, बेसुमार ओझं हे सगळं खरंच होतं. पण माणूस छत्तीस छत्तीस तास न झोपता गाडी का चालवतो, हे कोणी विचारलं नाही तर दोष आपोआप त्याच्या अडाणीपणावर येतो. मला ते पटत नाही. त्याला झोपेची किंमत कळत होती, पण हिशोब त्याच्या हातात नव्हता.

हिशोब असा. रजा चार आठवड्यांची धरा. जायला चार-पाच दिवस, यायला तितकेच. गाडी बिघडली तर आणखी एक-दोन. उरतात अठरा दिवस. त्यात बापाची जमीन, भावाचं भांडण, आईचं औषधपाणी, एक लग्न, एक सुंता, मेलेल्यांच्या घरी भेटायला जाणं, आणि ती मुलगी. वाटेत एक रात्र निवांत झोपायची म्हणजे त्या अठरांतून एक दिवस द्यायचा. तो कुठला दिवस द्यायचा, ते ठरवता येत नाही म्हणून तो चालवत राहतो. हजर व्हायची तारीख मात्र हलत नाही.

ती हलवली तर काय होतं, ते त्याच उन्हाळ्याच्या शेवटी दिसलं. कोलोनच्या फोर्ड कारखान्यात तेव्हा बारा हजारांच्या आसपास तुर्की कामगार होते, बरेचसे जोडणीच्या पट्ट्यावर, म्हणजे सर्वांत वेगाच्या आणि कष्टाच्या कामावर. ऑगस्टमध्ये रजेवरून उशिरा परतल्याबद्दल सुमारे तीनशे तुर्की कामगारांना काढून टाकलं. त्यांचं काम उरलेल्यांच्या अंगावर आलं. 24 ऑगस्ट 1973, शुक्रवारी अंतिम जोडणीच्या वाय हॉलमध्ये काम थांबलं. मागण्या होत्या: काढलेल्यांना परत घ्या, तासाला एक मार्क वाढ द्या, पट्ट्याचा वेग कमी करा, आणि रजा सहा आठवड्यांची करा. कामगार संघटनेने या संपाला पाठिंबा दिला नाही, बहुतेक जर्मन कामगार बाजूला राहिले, आणि 30 ऑगस्टला पोलिसांच्या मदतीने संप मोडला गेला. पुढे अनेकांची नोकरी गेली. त्या मागण्यांमधली सहा आठवड्यांची रजा वाचली की मला हाच रस्ता आठवतो. ऐषाराम म्हणून ते दोन आठवडे कोणी मागत नव्हतं. वाटेत एक रात्र झोपता यावं आणि तरी नोकरी राहावी, यासाठी ते मागणं होतं.

आज रविवारी, मोराव्हाच्या खोऱ्यात, यातलं काहीच झालेलं नाही. फक्त मनगटावर कारखान्याचं घड्याळ आहे.

पाच

निश. शहराच्या पूर्वेला, रस्त्यालगत कवट्यांचा मनोरा आहे. 1809 मध्ये सर्बांच्या उठावातली एक लढाई जिंकल्यावर उस्मानी सैन्याने मेलेल्यांच्या कवट्या भिंतीत बसवून तो उभारला. बापाला तो ठाऊक नाही, मुलांना कोणी सांगितलेलं नाही, आणि पेट्रोल भरून गाडी पुढे जाते. पण या वाटेचं वय मोठं आहे. बेलग्रेडहून निश, सोफिया, प्लोव्हदिव्ह, एदिर्ने करत इस्तंबूलला जाणारा रोमनांचा लष्करी मार्ग इथूनच होता. व्हिएन्नावर चाल करून जाणारी उस्मानी फौज याच वाटेने गेली. आता त्याच मुलखातल्या शेतकऱ्यांची पोरं व्हिएन्नाच्याही पलीकडे जाऊन मोटारी जोडतात आणि वर्षातून एकदा या वाटेने घरी येतात.

पुढे सिचेव्होची घळ. निशावा नदी खाली, रस्ता कड्याला चिकटून, खडकातले छोटे बोगदे. इथे वळणं आहेत, त्यामुळे झोप पळते. मोठा मुलगा पुढे येऊन आईच्या मांडीवर बसतो आणि बोगदे मोजतो.

साडेसात ते अकरा

दिमित्रोव्हग्राड, बल्गेरियाची सरहद्द. रांग डोंगराच्या वळणापलीकडे गेलेली. इंजिन बंद. गाडी पुढे सरकवायची वेळ आली की दार उघडून एका हाताने स्टिअरिंग धरायचं आणि ढकलायचं. पेट्रोल वाचतं, इंजिन थंड राहतं. मागची मुलं ढकलायला धावतात. दिवसभरात त्यांना मिळालेला हा एकच खेळ.

रांगेत वस्ती उभी राहते. स्टोव्ह पेटतात, चहाचा वास सुटतो. गाड्यांच्या नंबर प्लेटवरून शहर ओळखून माणसं एकमेकांना हाका मारतात. कोणाचा क्लच गेला आहे, त्याच्या गाडीखाली दोन अनोळखी माणसं पाठीवर झोपून काम करताहेत. वर्षभर मोटारी जोडणारी माणसं ती. कारखान्यात त्यांच्या वाट्याला आठ तास एकच बोल्ट येतो. इथे पूर्ण गाडी येते, आणि ते ती दुरुस्त करतात. त्यांना असं काम करताना त्यांच्या मुलांनी जर्मनीत कधी पाहिलेलं नसतं. या लांबलचक, घाणेरड्या, कंटाळवाण्या रांगेत त्या मुलांना आपला बाप काय करू शकतो ते कळत असेल, असं मला वाटतं.

काळोख पडतो. बायका आळीपाळीने मुलांना झुडपांमागे नेतात. त्यासाठी दुसरी सोय नाही. आमचा बाप गाडीच्या पायरीवर बसतो आणि बसल्या बसल्या झोपतो. पुढची गाडी हलली की बायको खांद्याला हात लावते, तो उठतो, ढकलतो, पुन्हा बसतो आणि झोपतो. अशा तुकड्यांतून मिळून तासाभराची झोप होते.

खिडकीपाशी पोचल्यावर पासपोर्ट, शिक्का, सामानावर नजर. बल्गेरियन अधिकारी ताडपत्रीकडे बोट दाखवतो. सोडायची का, असा प्रश्न त्या बोटात असतो. सिगारेटचं आणखी एक पाकीट. ताडपत्री बांधलेलीच राहते. इथून पुढे घड्याळ एक तास पुढे करायचं असतं. बायको म्हणते, "आता बारा वाजले." तो स्वतःच्या घड्याळात बघून म्हणतो, "अकरा."

मध्यरात्र

सोफिया. दिवे, ट्रामचे रूळ, रिकामे चौक. पाट्या सिरिलिक लिपीत, म्हणून पुढच्या तुर्की गाडीचे मागचे दिवे धरायचे आणि तिच्यामागे शहराबाहेर पडायचं.

अडीच

प्लोव्हदिव्हच्या अलीकडे. खरा धोका हा. समोर काही नाही, मागे काही नाही, गाडीचा एकसुरी आवाज, सगळे झोपलेले. बायकोही झोपली आहे. तिला उठवावंसं वाटत नाही. खिडकी उघडी ठेवून, बाहेर हात काढून तो बोटांवर वारा घेतो. मांडीला चिमटे. मग सीटच्या मधला बॅटरीवरचा कॅसेट रेकॉर्डर लावतो, आवाज अगदी बारीक. गाणारी युक्सेल ओझ्कासाप. तुर्की कामगार तिला कोलोनची बुलबुल म्हणत. तिच्या गाण्यांच्या तबकड्या कोलोनमधल्याच तुर्कुओला या कंपनीने काढल्या होत्या. परदेशात गेलेल्यांची, मागे राहिलेल्यांची गाणी. गावाकडे जाताना ही गाणी वेगळी ऐकू येतात. जर्मनीत ऐकताना गळा दाटतो. इथे ती माणसाला जागं ठेवतात.

एका क्षणी उजवी चाकं रस्त्याच्या कडेच्या खडीवर जातात. खडखडाट होतो, गाडी थरथरते आणि तो चाक ओढून परत रस्त्यावर आणतो. बायको ताठ बसलेली. ती ओरडत नाही.

"थांबा," ती म्हणते. "आत्ताच्या आत्ता."

या दिवसात तिने दिलेला हा एकच हुकूम, आणि तो ऐकतो. रस्त्याबाहेर, शेताच्या वाटेवर गाडी लावतो. ती किल्ली काढून स्वतःच्या मुठीत ठेवते. पाऊण तास तो झोपतो आणि ती जागी राहते, काचेबाहेर बघत, दारं आतून लावून. पाऊण तासाने ती स्वतःच त्याला उठवते, कारण रांग, इस्तंबूलची फेरीबोट, रजा हे सगळं तिलाही मोजता येतं.

साडेसहा

कापितान आंद्रेएवो, बल्गेरियाची शेवटची चौकी. मग मोकळी जागा. मग कापिकुले.

लाल झेंडा लांबून दिसतो आणि रांगेतल्या गाड्यांचे हॉर्न एकदम सुरू होतात. काही जण उतरून जमिनीला हात लावतात, कपाळाला लावतात. म्हातारे रडतात. मुलं भांबावून बघतात, कारण त्यांना आठवतो तो देश बहुतेक जर्मनीच असतो. आमच्या बापाला हे सगळं करायचं असतं, पण पुढची गाडी सरकते आणि त्याला चाक सोडता येत नाही. तो काच खाली करून हात बाहेर काढतो, एवढंच.

आपल्या देशाचा कस्टम सर्वांत कडक. पहाटे साडेतीनला आवळलेल्या गाठी इथे एकेक करून सोडाव्या लागतात. शिवणयंत्र, अवजारांची पेटी, ओव्हरकोट, गाठोडी, सगळं फरशीवर. यंत्र विकायला आणलं आहे का? बायकोचं आहे. ही अवजारं? भावाची. एवढ्या घोंगड्या? अधिकारी तुर्कीत विचारतो आणि तो तुर्कीत उत्तर देतो. दोन दिवसांनी पहिल्यांदा त्याला एखादी गोष्ट पूर्ण वाक्यात समजावून सांगता येते, आणि तो गरजेपेक्षा जास्त बोलतो. बूट मात्र सीटखालीच राहतात. त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही.

मग पासपोर्टमध्ये गाडीची नोंद होते. परदेशी नंबरची गाडी मालकाच्या पासपोर्टवर लिहिली जाते, आणि बाहेर जाताना ती सोबत न्यावीच लागते. विकता येत नाही, भावाकडे ठेवता येत नाही. म्हणजे परतीचा हाच रस्ता, हीच ओझी, हेच नाके आताच लिहून ठेवले आहेत. शिक्का वाळायला अधिकारी त्यावर फुंकर मारतो आणि पासपोर्ट परत देतो.

सामान पुन्हा चढवायला पाऊण तास जातो. मोठा मुलगा टपावर चढून दोर ओढतो. बाप खालून गाठ मारतो. एदिर्ने वीस किलोमीटरवर, तिथून इस्तंबूल दोनशे चाळीस, आणि इस्तंबूलपासून गाव पावणेसातशे. बॉस्फरसवरचा पूल जवळपास तयार आहे, पण तो खुला होणार 30 ऑक्टोबरला. या उन्हाळ्यात गाड्या अजून फेरीबोटीनेच आशियाच्या बाजूला जातात.

"फेरीवर जरा झोपा," बायको म्हणते.

"फेरीला अर्धा तासही लागत नाही."

"तेवढा तरी झोपा. मी गाडीत बसते."

तो मान हलवतो, मानेला अत्तरपाणी लावतो आणि गाडी सुरू करतो.